पाठीपर्यंत पोचलेली शी

बालरोगतज्ज्ञ म्हणून मला बहुतेक वेळा आजारांवर बोलायला बोलावतात. आजचा विषय आजाराचा नाही, पण घरोघरी तो आजाराइतकाच गाजतो. बाळाला डायपर घातलेला असतो, बाळ मांडीवर मजेत असतं, आणि बघता बघता झबलं, दुपटं, आईचे कपडे सगळं पिवळं होतं. कधी कधी तर शी मानेपर्यंत चढलेली असते. मग घरात पहिला प्रश्न येतो, ‘जुलाब झाले की काय?’ आणि लगोलग दुसरा, ‘तुझं दूध बाधत असेल का गं त्याला?’

या दुसऱ्या प्रश्नाची मला जास्त धास्ती वाटते, म्हणून त्याचं उत्तर आधी देते. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पातळच असते. पातळ पिठल्यासारखी पिवळी आणि तीत पांढरट कण. पहिल्या काही आठवड्यांत ती दर पाजण्यानंतर होऊ शकते, म्हणजे दिवसातून आठ-दहा वेळासुद्धा. बाळ नीट पितंय, शू भरपूर करतंय, वजन वाढतंय, तर हे जुलाब नव्हेत. पुढे दीड-दोन महिन्यांनी उलटाच प्रकार होतो. चार-चार दिवस शी होत नाही आणि मग एकदम सगळा साठा बाहेर येतो. डायपरला न जुमानणारी ती हीच. तेवढ्यावरून अंगावरचं दूध तोडून बाटली सुरू केली, तर बाटलीच्या अस्वच्छतेतून खरे जुलाब व्हायला वेळ लागत नाही. चांगलं चाललेलं दूध असं कपड्यांवरच्या डागांपायी सुटलेलं मी पाहिलं आहे.

आता डायपरकडे वळू. त्याच्या आत सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट नावाच्या रसायनाचे बारीक कण असतात. शूचं पाणी लागलं की ते फुगतात आणि त्यांची जेली होते. शूसाठी ही करामत उत्तम आहे. शी मात्र तशी शोषली जात नाही. तिच्यातला चोथा वरच्या थराची छिद्रं बुजवतो आणि बरीचशी शी वरच राहते. अशा वेळी बाळ मांडीवर बसतं धरलेलं असलं किंवा मोटारीतल्या त्याच्या खुर्चीत दुमडून बसलेलं असलं, तर खाली दाब पडतो आणि ती मिळेल त्या वाटेनं सरकते. सगळ्यांत सोपी वाट पाठीची. त्यातून डायपर आधीच शूनं फुगलेला असेल, तर विचारायलाच नको.

उपाय निघतो तो यातूनच. पोटात दूध गेलं की आतडी हलू लागतात, म्हणून बरीच बाळं पिता पिता किंवा प्यायल्यावर लगेच शी करतात. तेव्हा जड झालेला डायपर पाजण्याआधीच बदलावा. एरवी तीन-चार तासांनी, आणि शी झाल्यावर तर ताबडतोब.

माप पाकिटावर वजनानुसार लिहिलेलं असतं. ‘मोठा घेऊ, जास्त दिवस पुरेल’ हा हिशेब झबल्याला चालतो, डायपरला नाही, कारण मांड्यांपाशी फट राहते. उलट मांडीवर लाल वळ उठत असतील, चिकटपट्ट्या ताणून लावाव्या लागत असतील, तर पुढचं माप आणायची वेळ झाली, पाकीट संपलेलं असो वा नसो. कमरेत दोन बोटं जातील इतपतच सैल ठेवावा. आणि एक बारीकशी गोष्ट, जी बहुतेकांकडून राहून जाते: मांड्यांभोवतीची झालर आत दुमडलेली राहते. डायपर लावून झाल्यावर तिच्यावरून बोट फिरवून ती बाहेर काढावी. निम्मी गळती तिथेच थांबते. मुलगा असेल तर लघवीची जागा खालच्या दिशेला करावी, नाहीतर शू पोटावरून वर येते.

एवढं करूनही एखादे दिवशी व्हायचं ते होतंच. तेव्हा बरबटलेलं झबलं डोक्यावरून काढू नका. आपलं बंदांचं झबलं यासाठी फार शहाणपणाचं, बंद सोडले की काम झालं. दुकानातल्या सलग कपड्यांना खांद्यावर एकावर एक घड्या असतात. त्यामुळे गळा रुंद करून तो कपडा खाली पायांकडून काढता येतो. कोमट पाणी आणि कापूस पुरेसा आहे. मुलींना नेहमी पुढून मागे पुसावं. अंग कोरडं करावं, पण पावडर नको. ती श्वासातून आत जाते. आणि पलंगावर बाळाला सोडून मेणकापड आणायला जाऊ नका, एक हात त्याच्या अंगावर हवाच.

कपडे आधी गार पाण्यात धुवावेत, गरम पाण्यानं डाग पक्का बसतो. मग साबण आणि ऊन. पिवळेपणा उन्हानं बराच उतरतो. (पावसाळ्यात काय करायचं, ते मला विचारू नका!) डायपरमधली शी संडासात टाकून तो कागदात गुंडाळावा आणि वेगळा द्यावा. पुण्यात अशा पुडक्यावर लाल ठिपका काढायची पद्धत कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेनं रुजवली. ती कुठल्याही गावात उचलण्याजोगी आहे.

खरे जुलाब ओळखायचे कसे, एवढं सांगायचं राहिलं. नेहमीपेक्षा एकदम जास्त वेळा, पाण्यासारखी शी होऊ लागली, बाळ मलूल झालं, पिईना, तोंड कोरडं पडलं, टाळू खोल गेली, तर थांबू नका. रक्त दिसलं किंवा शी पांढुरकी, मातकट झाली तरीही लगेच डॉक्टरांकडे जा. लंगोटाचा एक गुण मला अजून आवडतो, तो काही लपवत नाही. डायपरमध्ये मात्र शू कमी झालेली पटकन कळत नाही. म्हणून आजारपणात तो हातात घेऊन वजनाचा अंदाज घ्या, नाहीतर दोन दिवस लंगोटच वापरा. पहिल्या आठवड्यानंतर दिवसातून सहा वेळा तरी शू व्हायला हवी. दूध चालूच ठेवायचं. पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात ओआरएस कालवून चमच्याचमच्यानं पाजायचं आणि झिंकचं औषध डॉक्टर सांगतील तितकं, जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण द्यायचं.