अंतःस्राव आणि कर्करोग

शरीरांतील पेशी मन मानेल तेव्हां वाढत नाहीं. केव्हां दुभंगावें व केव्हां थांबावें, याविषयीं तिला निरोप यावा लागतो. ग्रंथींतून थेट रक्तांत मिसळून असे निरोप पोंचविणाऱ्या द्रव्यांस अंतःस्राव अथवा हॉर्मोन म्हणतात. हॉर्मोन हा शब्द स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञानें १९०५ सालीं प्रचारांत आणला. परंतु या निरोपांचा कर्करोगाशीं असलेला संबंध ग्लासगो येथील शस्त्रवैद्य जॉर्ज बीटसन यानें १८९६ सालींच प्रसिद्ध केला होता.

कांहीं देशांतील शेतकरी गाय व्याल्यावर तिचे अंडाशय काढून टाकीत, म्हणजे ती दीर्घकाल दूध देत राही, हें बीटसनला ठाऊक होतें. अंडाशय कोठें आणि कास कोठें! तरी एकाचा दुसऱ्यावर अंमल चालतो. मग तो स्तनांतील कर्करोगावरहि चालत असेल, असा तर्क करून त्यानें हाताबाहेर गेलेल्या एका रुग्ण स्त्रीचे अंडाशय काढले, आणि तिची गांठ विरून गेली. पुढें इतरांनीं हाच उपाय केला, तेव्हां सुमारें तिघींपैकीं एकीसच गुण येतो असें दिसलें. असें कां, हें कळावयास साठांहून अधिक वर्षें लागलीं.

अंडाशयांतून निघणारें इस्ट्रोजेन रक्ताबरोबर सर्वत्र फिरतें. पण टपालवाला गांवभर फिरला तरी पत्र ज्याच्या नांवाचें त्याच्याच घरीं पडतें. पेशींत या निरोपाचें ग्राहक-प्रथिन असेल तरच इस्ट्रोजेन त्यास चिकटतें, ती जोडी पेशीकेंद्रांतील जनुकांवर बसते आणि दुभंगण्याची आज्ञा सुटते. निरोगी पेशींत या आज्ञेस लगाम असतो. कर्करोगांत जनुकें बिघडून तो तुटतो. कांहीं गांठींत पेशीच्या पृष्ठभागावर 'हर-टू' नांवाचे निराळेच ग्राहक फाजील वाढतात, व एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे असा वाढीचा निरोप अखंड आंत जात राहतो.

शत्रूचा निरोप्या ओळखला कीं त्यास अडवितां येतें. टॅमॉक्सिफेन हें औषध इस्ट्रोजेनच्या ग्राहकांत, कुलपांत भलतीच किल्ली अडकावी तसें, अडकून बसतें.

मुंबईस परळ येथें १९४१ सालीं उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयांतहि अंतःस्रावाचा एक मोठा प्रयोग झाला. डॉ. राजेंद्र बडवे व त्यांचे सहकारी यांनीं सुमारें एक हजार स्त्रियांपैकीं निम्म्यांस शस्त्रक्रियेच्या कांहीं दिवस आधीं प्रोजेस्टेरोन-वर्गांतील द्रव्याची एकच सुई दिली. २०११ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकंदरींत फरक निर्विवाद ठरला नाहीं. परंतु रोग काखेंतील गांठींपर्यंत पोंचलेल्यांपैकीं सुई घेतलेल्या शंभरांत सुमारें ७६ स्त्रिया पांच वर्षांनंतर हयात होत्या, न घेतलेल्यांत ६७. इतक्या स्वल्प खर्चाच्या उपायाचा शोध आपल्याकडेच घेतला जावा, हें मला विशेष वाटतें.

आमच्या जिल्ह्यांत सेवाग्राम येथें १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरीहि खेड्यांतील कित्येक माउल्या गांठ पदराआड लपवितात, आणि दुखत नाहीं म्हणून कापसाची वेंचणी आटोपेपर्यंत थांबतात. आरंभीं ती बहुधा दुखतच नाहीं, हेंच तिचें कपट! बहुतेक गांठी कर्करोगाच्या नसतात; पण कोणती कसली, हें तुकडा तपासल्याविना सांगतां येत नाहीं. त्याच तुकड्यांत ग्राहकांचाहि शोध घेतात. इस्ट्रोजेनचे ग्राहक सांपडले, तर शस्त्रक्रियेनंतर रोज एक गोळी पांच वा अधिक वर्षें घ्यावयाची; न सांपडले, तर ती गोळी निरुपयोगी, आणि वैद्य दुसरीं औषधें योजितात.