चित्रांतील पिवळा आणि पानावरील पिवळा

चार वर्षांपूर्वीं आमच्या वीस गुंठे भेंडींत पिवळेपणा दिसूं लागला, तेव्हां हातीं आलेलें एक रंगीत पत्रक काढून आम्हीं त्यावरील चित्रांशीं पान ताडून पाहिलें. एका चित्रांत नत्राच्या अभावीं सबंध पिवळें पडलेलें पान होतें. शेजारीं हळद्या रोगाचें पान होतें खरें. परंतु छापतांना पिवळ्या शाईचा ठसा किंचित् सरकल्यामुळें त्यांतील शिरा आणि शिरांमधील भाग एकमेकांत मिसळून गेले होते, व दोन्ही चित्रें जवळजवळ सारखींच दिसत होतीं. आम्हीं नत्राचा अभाव समजून युरिया टाकला. रोग हळद्याच होता. पांढऱ्या माशीनें तो महिन्याभरांत सर्व वाफ्यांत नेला, व निम्म्याहून अधिक फळ पिवळें, कठीण आणि बाजारांत न खपणारें निघालें. पत्रक कोणाचें होतें हें सांगण्यांत हंशील नाहीं. परंतु तेव्हांपासून वनस्पती, बुरशा व प्राणी यांच्या चित्रांतील पिवळा रंग हा विषय आमच्या मागें लागला, तो अद्याप सुटलेला नाहीं.

सर्व रंगांत पिवळा हा दगा देणारा रंग आहे. तो मुळांतच उजळ असल्यानें पांढऱ्या कागदावर त्याच्या फिक्या छटा डोळ्यांस वेगळ्या कळत नाहींत. शिवाय छापील पिवळी शाई उन्हांत लौकर उडते. दुकानाबाहेर वर्षभर टांगलेलें चित्र निळसर झालेलें आमच्या वाचकांनीं पाहिलें असेलच. चित्रांतील हिरवें पान म्हणजे बहुधा निळ्यावर चढविलेला पिवळाच. पिवळा गेला म्हणजे पान निळें पडतें.

जुन्या चितारी लोकांसही हाच त्रास होता. लंडन येथील उद्यानविद्येच्या मंडळासाठीं फळांचीं चित्रें काढणारा विल्यम हूकर (१७७९–१८३२) यानें पानांकरितां गांबोज नांवाचा पिवळा व प्रशियन निळा यांच्या मिश्रणाचा एक हिरवा रंग सिद्ध केला, व तो आजही त्याच्या नांवानें विकला जातो. हा गांबोज म्हणजे सयाम-कंबोज देशांतील एका झाडाचा राळेसारखा चीक. तें झाड आमच्या कोंकणांतील रातांब्याचें भाऊबंद आहे. रंग मोठा तेजस्वी, पण उजेडांत टिकाऊ नाहीं.

दुसऱ्या एका पिवळ्याची हकीकत गुरें बाळगणारांनीं अवश्य ऐकावी. बिहारांत मुंगेरनजीक मिर्झापूर नांवाच्या गांवीं कांहीं गवळी गाईंस केवळ आंब्याचीं पानें व पाणी देत, त्यांचें मूत्र लहान मडक्यांत धरीत, तें तापवून कापडांतून गाळीत, आणि उरलेल्या गाळाचे गोळे करून वाळवीत. ह्या रंगास 'पिउरी' म्हणत. विलायतेंत तो 'इंडियन येलो' म्हणून जलरंग विकणाऱ्यांकडे मिळे. १८८३ सालीं त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनीं तेथें समक्ष जाऊन पाहिलेली हकीकत लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सला कळविली. एका गाईच्या दिवसाच्या सुमारें साडेतीन लिटर मूत्रांतून जेमतेम ५५ ग्रॅम रंग निघे, आणि गाई रोडावलेल्या दिसत, असें त्यांनीं लिहिलें आहे. पुढें अनेकांनीं ही गोष्ट बनावट ठरविली. परंतु मुखर्जींनीं क्यू येथील उद्यानास पाठविलेला नमुना जपून ठेवलेला होता. त्याची अलीकडे रासायनिक तपासणी झाली व तिचा निकाल २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत मूत्रांतील द्रव्य आढळलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं हा धंदा बंद पडला. रंग सुंदर होता हें मान्य. तथापि ज्या चित्रासाठीं गाय उपाशी ठेवावी लागे तें पाहून आम्हांस तरी आनंद झाला नसता.

रंग असे बेभरंवशाचे, मग चितारी लोक नेमका पिवळा एकमेकांस कळवीत तरी कसे? एडिंबरोचा फुलांचा चितारी पॅट्रिक साइम यानें १८१४ सालीं एक पुस्तक काढलें. त्याच्या १८२१ च्या आवृत्तींत ११० रंग असून पिवळ्याचेच चौदा प्रकार आहेत. रंगास शक्य तेथें एक प्राणी, एक वनस्पती व एक खनिज यांची साक्ष देण्याचा त्याचा प्रघात होता. लिंबासारख्या पिवळ्यास मोठी गांधीलमाशी आणि पिवळी हरताळ. केशरी पिवळ्यास सोनेरी फेजंट पक्ष्याच्या शेपटीवरील पिसें आणि केशराच्या फुलांतील परागकोश. 'बीगल' जहाजावर डार्विन हेंच पुस्तक घेऊन गेला होता. कागदावरचा ठिपका उडाला तरी गांधीलमाशी आपला रंग सोडीत नाहीं, हें त्यांतील मर्म.

अळंब्यांच्या बाबतींत रंगाची अडचण अधिकच, कारण अळंबें वाळलें कीं रंग जातो आणि आकारही जातो. म्हणून जेम्स सोअर्बी यानें इंग्लंडांतील अळंब्यांचीं रंगीत चित्रें १७९७ पासून १८१५ पर्यंत प्रसिद्ध केलीं, आणि तेवढ्यावर न थांबतां मातीच्या सुमारें दोनशें प्रतिकृतीही रंगविल्या.

साइमची रीत आम्हीं घरगुती करून घेतली आहे. गव्हावरील तांबेरा ही बुरशीच. पान बोटानें पुसलें असतां पिवळ्या तांबेऱ्याची भुकटी हळदीच्या वळणावर जाते. तपकिरी तांबेऱ्याची विटेच्या चुऱ्यासारखी दिसते. तरीही रंगाहून मांडणी अधिक खरी: पिवळ्याचे फोड शिरांच्या दिशेनें ओळीनें येतात, तपकिरीचे पानावर विखुरलेले असतात. पिवळा तांबेरा थंड हवेचा, पंजाबाकडील व हिमालयाच्या पायथ्याचा. आपल्याकडे काळा व तपकिरी हेच मुख्य. छापील चित्रांत विटेचा रंग उडून हळदीवर आला असला, तरी ओळी कांहीं उडत नाहींत.

भेंडीचेंही तसेंच. नत्र कमी पडलें म्हणजे खालचीं जुनीं पानें सबंध पिवळीं पडतात. चुनखडीच्या जमिनींत लोह कमी पडलें तर शेंड्याचीं कोंवळीं पानें शिरांमधून पिवळीं होतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. हळद्यांत नेमकें उलट: शिरांचें जाळें पिवळें, मधला भाग हिरवा. गेल्या हंगामांत आम्हीं पत्रक घरींच ठेवलें. संशय आलेलें प्रत्येक पान तोडून सकाळच्या उन्हाकडे धरून पाहिलें. सतरा झाडांत जाळें पिवळें दिसलें. तीं त्याच दिवशीं उपटून बांधाबाहेर जाळलीं.