कुत्र्याला मूतखडा झालाय? खाणं बदलण्याआधी खडा कोणता, ते तपासा

कुत्रा सारखा लघवीला जातोय, पण थेंब-थेंबच होतेय किंवा लघवीतून रक्त जातंय, तर कारण मूतखडा असू शकतं. घरात कुणाला मूतखडा झाला की कुळथाचं कढण आठवतं. कुत्र्याच्या बाबतीत मात्र आधी लघवीची तपासणी आणि एक्स-रे किंवा सोनोग्राफी गरजेची असते. कारण प्रत्येक खडा खाण्याने विरघळत नाही.

स्ट्रुव्हाइट: कुत्र्यांमध्ये हा बहुतेकदा लघवीच्या जंतुसंसर्गामुळे होतो. डॉक्टरांनी दिलेला खास आहार आणि अँटिबायोटिक्स यांनी तो काही आठवड्यांत विरघळू शकतो.

कॅल्शियम ऑक्झलेट: हा आहाराने विरघळत नाही, काढावाच लागतो. पुन्हा होऊ नये म्हणून मात्र आहार सांभाळावा लागतो. पालक टाळावा. स्ट्रुव्हाइटसाठीचा आहार लघवी आम्लधर्मी करतो, त्यामुळे या कुत्र्यांचा त्रास वाढू शकतो.

युरेट: डाल्मेशियन जातीत याचा धोका जास्त असतो. काळीज, कलेजी असं खाणं बंद करावं लागतं.

तिन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे भरपूर पाणी. कोरड्या खाण्यात पाणी मिसळा, ओलं खाणं द्या. लघवी जितकी पातळ, तितकी खडा होण्याची शक्यता कमी.

लघवी पूर्ण थांबली असेल, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. नर कुत्र्याची मूत्रनलिका अरुंद असल्याने खडा त्यात अडकतो आणि जिवावर बेतू शकतं. लगेच दवाखाना गाठा.