अणुभट्टीतला अँटिन्यूट्रिनो : गैरसमज आणि वस्तुस्थिती

राजापूर तालुक्यातल्या माडबनला प्रत्येकी १७३० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या उभारण्याचं नियोजन आहे. त्यामुळे रत्नागिरी जिल्ह्यात अणुभट्टीवर पुष्कळ बोललं जातं. तिच्यातून बाहेर पडणाऱ्या अँटिन्यूट्रिनो या कणाबद्दल मात्र गैरसमजच जास्त आहेत.

गैरसमज : अँटिन्यूट्रिनो अंगाला घातक असतो.
वस्तुस्थिती : धोका असतो तो गॅमा किरणांचा, न्यूट्रॉनचा आणि भट्टीतल्या किरणोत्सारी द्रव्यांचा. अँटिन्यूट्रिनो भिंत, डोंगर, माणूस यांतून काहीही न बिघडवता आरपार जातो. सूर्याकडून येणारे त्याचे भाऊबंद, म्हणजे न्यूट्रिनो, सुमारे ६५ अब्ज इतके दर सेकंदाला आपल्या नखाएवढ्या जागेतून असेच निघून जातात.

गैरसमज : मग तो सापडणारच नाही.
वस्तुस्थिती : भट्टीतून ते इतके निघतात की एखादा अडकतोच. शोधक टाकीतल्या द्रवात तो प्रोटॉनवर आदळला, की पॉझिट्रॉन आणि न्यूट्रॉन तयार होतात. पॉझिट्रॉनमुळे लगेच प्रकाश चमकतो. काही मायक्रोसेकंदांनी द्रवात मिसळलेलं गॅडोलिनियम हे मूलद्रव्य न्यूट्रॉनला गिळतं आणि दुसरी चमक दिसते. ही जोडचमक हीच त्याची खूण.

गैरसमज : भट्टीपासून लांबच्या शोधकात अँटिन्यूट्रिनो कमी भरतात, म्हणजे ते वाटेत नष्ट होतात.
वस्तुस्थिती : ते नष्ट होत नाहीत, प्रकार बदलतात. न्यूट्रिनोचे इलेक्ट्रॉन, म्यूऑन आणि टाऊ असे तीन प्रकार आहेत. भट्टीतून इलेक्ट्रॉन प्रकारचे निघतात आणि हा शोधक तेवढेच ओळखतो. चीनमधल्या दाया बे प्रयोगात भट्ट्यांजवळ आणि सुमारे दीड-दोन किलोमीटरवर शोधक ठेवले होते. लांबच्या शोधकात सुमारे ६ टक्के तूट दिसली. मार्च २०१२ मध्ये जाहीर झालेल्या या तुटीवरून थीटा-१३ हा मिश्रणकोन, म्हणजे प्रकार किती प्रमाणात बदलतात ते ठरवणारं एक माप, मोजता आला. तो सुमारे साडेआठ अंश आहे.

गैरसमज : अशी मोजणी फक्त परदेशात होते.
वस्तुस्थिती : मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, १९८५ साली सुरू झालेल्या ध्रुव अणुभट्टीजवळ 'इस्मरान' हा प्रयोग आहे. प्लास्टिक सिंटिलेटरच्या दांड्यांचा हा शोधक भट्टीच्या गाभ्यापासून सुमारे १३ मीटरवर आहे. इतक्या जवळ थीटा-१३ची तूट दिसत नाही. म्हणून इथला शोध वेगळा आहे : चौथ्या, 'निष्क्रिय' न्यूट्रिनोचा, आणि भट्टीवर बाहेरून लक्ष ठेवण्याच्या पद्धतीचा.

माडबनच्या प्रकल्पाबाबत जमीन, मासेमारी आणि सुरक्षिततेचे प्रश्न खरे आहेत. ते ठामपणे विचारायलाच हवेत. पण त्या यादीत अँटिन्यूट्रिनोचं नाव घालू नका.