वडील मंडळींचा पहिला मोबाईल

घरांतील आजोबांच्या किंवा आजींच्या हातीं मोबाईल द्यावा, असा विचार हल्लीं पुष्कळ कुटुंबांत निघतो. विचार स्तुत्य आहे. परंतु तो अमलांत येतो तो बहुधा असा कीं, नातू नवा फोन घेतो आणि त्याचा जुना, मोठ्या काचेचा फोन आजोबांच्या वांट्यास येतो. महिन्याभरानें तो कपाटांत पडलेला आढळतो, आणि मंडळी निकाल देतात, "त्यांना नाहीं जमत!" आम्हांस हा निकाल अन्यायाचा वाटतो. ज्यांनीं जन्मभर घराचा जमाखर्च पैपर्यंत लिहिला, त्यांस दहा-बारा कळांचें यंत्र वापरतां येणार नाहीं, हें संभवत नाहीं. दोष त्यांचा नसून निवडीचा असतो.

या निवडीस मुख्य कसोटी एकच लावावी, असें आमचें मत आहे: ज्याचा फोन, त्यास तो कोणाच्याही मदतीवांचून लावतां यावा. एकत्र कुटुंबांत या गोष्टीचें मोल विशेष आहे. प्रत्येक वेळीं सूनबाईंस किंवा नातवास हांक मारून नंबर लावून घ्यावा लागला, म्हणजे बोलणें चारचौघांदेखत होतें. मग आजींनीं आपल्या बहिणीजवळ मनांतलें बोलावें कसें? खोलीचें दार लोटून, हवें तेव्हां, हव्या त्या माणसाशीं दोन शब्द बोलतां येणें, हें उतारवयांतील लहानसहान सुख नव्हे.

साधेपणा म्हणजे उणेपणा, ही समजूतही सोडली पाहिजे. भारतांत मोबाईलवरून पहिलें संभाषण ३१ जुलै १९९५ रोजीं झालें. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योति बसू हे कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशीं बोलले. पुढें २००३ सालीं नोकिया कंपनीनें '११००' हा फोन काढला. त्यांत कॅमेरा नव्हता, इंटरनेट नव्हतें. बोलण्याची उत्तम सोय होती आणि माथ्यावर लहानसा दिवा होता. असे सुमारें २५ कोटी फोन जगभर खपले.

दुकानांत जातांना ज्यांच्यासाठीं फोन घ्यावयाचा, त्यांस बरोबर न्यावें व फोन त्यांच्याच हातीं द्यावा. कळा मोठ्या, उठावदार व सुट्या असाव्या. पांचाच्या कळेवर बहुधा एक बारीक उंचवटा असतो. तो अंगठ्यास स्पष्ट लागला म्हणजे अंधारांतही बोट चुकत नाहीं. आवाजाची परीक्षा दुकानाच्या गोंगाटांतच करावी. श्रवणयंत्र वापरणारांनीं तें कानांत ठेवूनच करावी. कळांचा बरा फोन साधारणतः एक ते तीन हजार रुपयांत मिळतो.

अधिक फसगत होते ती सिमकार्डाच्या बाबतींत. जियो कंपनीचें जाळें आरंभापासून '२जी'चें नाहीं. म्हणून केवळ '२जी' जाणणारा फोन त्या सिमवर मुकाच राहतो. यास्तव सिम कोणत्या कंपनीचें घालावयाचें, हें आधीं ठरवावें आणि मगच फोन पाहावा. पुष्कळ देशांनीं जुनीं जाळीं बंद केलीं आहेत, हें लक्षांत घेतां थोडे पैसे अधिक देऊन '४जी' जाणणारा कळांचा फोन घेणेंच शहाणपणाचें. पैसे मोजण्यापूर्वी कळफलकावर *#०६# दाबावें; पडद्यावर १५ अंकी क्रमांक उमटेल. तो खोक्यावरील व पावतीवरील क्रमांकाशीं ताडून घ्यावा. संकटकाळच्या कळेचीही चौकशी करावी. २०१६ सालच्या सरकारी नियमांप्रमाणें अशा फोनवर ५ किंवा ९ ही कळ दाबून धरली असतां मदतीचा फोन लागावा, अशी योजना आहे. शिवाय ११२ हा आकडा तोंडपाठ करून घ्यावा.

फोनची किंमत एकदांच पडते. रिचार्ज मात्र पुनःपुन्हा करावा लागतो. ज्या फोनवर इंटरनेट वापरावयाचें नाहीं, त्यासाठीं इंटरनेटचे पैसे कां भरावे? दूरसंचार नियामक प्राधिकरणानें डिसेंबर २०२४ मध्यें कंपन्यांस बंधन घातलें कीं, केवळ बोलणें व संदेश यांची निराळी योजना ठेवावी. अशा योजनेची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असूं शकते. दुकानदार ती आपण होऊन सांगेलच असें नाहीं. आपण मागून घ्यावी.

साध्या फोनला मर्यादा आहेत. परदेशीं असलेल्या लेकीचा चेहरा बहुतेक साध्या फोनवर दिसणार नाहीं. त्यासाठीं घरांतील मोठा फोन संध्याकाळीं कोणीतरी आजींपुढें धरावा. फोन साधा असला म्हणून लबाडांपासून पूर्ण अभय मिळतें, असेंही नाहीं. पोलीस किंवा बँक असल्याची बतावणी करून कोणीं धमकाविलें, तर एक शब्दही न बोलतां फोन ठेवून द्यावा. पैसे गेलेच, तर विलंब न लावतां १९३० या क्रमांकावर कळवावें.

शेवटचा प्रश्न शिकविण्याचा. विद्यार्थ्याच्या हातून पाटी घेऊन स्वतःच गणित सोडविणारा मास्तर गणित शिकवीत नाहीं, हें आम्हीं वर्गांत पुष्कळ वर्षें पाहिलें आहे. नातवंडांनीं फोन आजोबांच्या हातांतच राहूं द्यावा व आपले हात मागें बांधावे. पहिल्या दिवशीं आलेला फोन घेणें व ठेवणें. दुसऱ्या दिवशीं नंबर लावणें. तिसऱ्या दिवशीं एकेका कळेवर एकेक नातलग नेमून ठेवणें. पांच-सहा नांवें ठळक अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून फोनजवळ टांगावीं. आठ दिवसांत धडा पुरा होतो. मग एखाद्या दुपारीं आजींच्या खोलीचें दार लोटलेलें दिसलें आणि आंतून हंसण्याचा आवाज आला, तर कोणाचा फोन आहे म्हणून विचारावयास जाऊं नये.