शेतांतलें विष उंबरठ्याबाहेरच असावें

कपाशीवर बोंडअळी पडली, तुरीच्या शेंगा किडूं लागल्या, कीं चिखलीपासून मलकापुरापर्यंत आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत फवारणीची धांदल उडते. पिकाचें रक्षण करणें हें शेतकऱ्याचें कर्तव्यच होय. परंतु पिकासाठीं आणलेलें विष घरांतील लेंकरापर्यंत व गरोदर सुनेपर्यंत कोणत्या वाटांनीं पोहोंचतें, याचा विचार फार थोडे लोक करतात. त्या वाटा आम्ही येथें दाखवीत आहों.

पहिली वाट रिकाम्या डब्याची. डबा मजबूत, झांकण घट्ट, म्हणून तो टाकवत नाहीं. धुऊन त्यांत तेल किंवा पाणी भरलें जातें. धुण्यानें विष पुरतें निघत नाहीं. ता. १६ जुलै २०१३ रोजीं बिहारांतील सारण जिल्ह्यांत गंडामन गांवच्या शाळेंत दुपारचें जेवण जेवून २३ मुलें दगावलीं. स्वयंपाकाच्या तेलांत मोनोक्रोटोफॉस हें कीटकनाशक आढळलें. कीटकनाशकांविषयींच्या १९७१ च्या नियमांप्रमाणें असे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावयाचे असतात. चार पैशांच्या डब्यापायीं घरचा दिवा पणास लावूं नये.

दुसरी वाट अंगावरच्या कपड्यांची. २०१७ सालीं आपल्या विदर्भांतील यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें २० च्या आसपास शेतकरी व मजूर मृत्यू पावले. जें विष कातडींतून व श्वासांतून धडधाकट पुरुषाच्या अंगांत भिनतें, तें त्याच्या सदऱ्यासही लागलेलें असतें. म्हणून फवारणीनंतर आंघोळ केल्यावांचून मुलास उचलूं नये. ते कपडे निराळे ठेवून ज्याचे त्यानें धुवावे. गरोदर अथवा अंगावर पाजणाऱ्या बाईकडे देऊं नयेत.

तिसरी वाट धान्याच्या कोठीची. सोंडा लागूं नये म्हणून कोणी गव्हांत ॲल्युमिनियम फॉस्फाईडची गोळी ठेवतात. हवेंतील ओलाव्यानें तिच्यांतून फॉस्फिन नांवाचा प्राणघातक वायु सुटतो. ३ ग्रॅमच्या गोळींतून सुमारें १ ग्रॅम. त्यावर उतारा नाहीं. राहत्या घरांत ही गोळी मुळींच वापरूं नये. धान्य कडक उन्हांत वाळवून, कडुनिंबाचा सुका पाला घालून, कोरड्या कोठींत भरावें. औषध चोळलेलें उरलेलें बियाणेंही दळणांत जाऊं देऊं नये.

मूल भुईवर रांगतें, हात तोंडांत घालतें आणि वजनाच्या मानानें मोठ्या माणसाहून अधिक श्वास घेतें. गर्भिणीच्या रक्तांतील पुष्कळ विषें वारेवाटे गर्भापर्यंत जातात. मोठ्यास जी मात्रा सोसवते ती त्यांस सोसेलच असें नाहीं.

यास्तव औषध घराबाहेर कुलुपांत, त्याच्या मूळ डब्यांतच ठेवावें. चिठ्ठीवरील त्रिकोण पाहावा: लाल अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा व हिरवा उतरत्या क्रमानें. घरांतील सर्वांस, वाचतां न येणारांसही, हे रंग ओळखावयास शिकवावें.

विषबाधेचा संशय आल्यास कपडे उतरवून अंग साबणानें धुवावें. ओकारी काढूं नये, दूध-तूप पाजूं नये. १०८ क्रमांकास बोलावून रोग्यास ताबडतोब दवाखान्यांत न्यावें व औषधाची चिठ्ठी डॉक्टरांस दाखवावी.

पीक बुडालें तर पुढच्या हंगामांत पुन्हां पेरतां येतें. लेंकराचें तसें नाहीं. आज घरीं जातांच कोनाडा, माळा व न्हाणी तपासून असा एखादा डबा आहे काय तें पाहावें, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.