ढोलीला भिऊ नका, मुळं तपासा

एप्रिल २०२५ मध्ये उत्तर लंडनच्या एनफील्डमध्ये, व्हाइटवेब्स पार्कच्या कडेला उभा असलेला सुमारे साडेचारशे वर्षांचा ओक तोडला गेला आणि ब्रिटनभर संताप उसळला. तोडणाऱ्यांचं म्हणणं, झाड तडकलं होतं, वाळलं होतं, लोकांच्या जिवाला धोका होता. नगर परिषदेचं म्हणणं, आम्ही डिसेंबरमध्ये तपासलं तेव्हा ते ठणठणीत होतं. मग म्हातारा ओक उभा राहील की कोसळेल, हे ओळखायचं तरी कसं?

बहुतेकांची नजर आधी ढोलीवर जाते. पण शेरवुडच्या जंगलातल्या ‘मेजर ओक’नं पोकळ खोडानिशी शतकं काढली आहेत. गाभ्याचं लाकूड तसंही मेलेलंच असतं. ते कवकांनी खाल्लं तरी बाहेरची भिंत पुरेशी जाड असली की झाड वारा पेलतं. मला काळजी वाटते ती जमिनीखालच्या कुजीची. ‘जिम्नोपस फ्युसिपीस’ हे कवक ओकची मुळं वर्षानुवर्षं पोखरत राहतं. फ्रान्समधल्या अभ्यासात तर मुळं बरीच सडलेली असूनही पर्णसंभार हिरवागार असलेले ओक सापडले. ‘ग्रिफोला फ्रोंडोसा’ मुळांच्या खालच्या अंगानं शिरतं. वरून माती उकरून पाहिलं तर मूळ धडधाकट वाटू शकतं.

अशा वेळी बुंध्याशी उगवलेलं कवकाचं भूछत्र हाच मोठा साक्षीदार. ते कुठल्या जातीचं, यावरून कूज कुठे आणि कशी चालली आहे याचा अंदाज येतो. ही वाट जर्मन वनशास्त्रज्ञ रॉबर्ट हार्टिग यांनी १८७० च्या दशकात दाखवली. तोवर समज उलटा होता: लाकूड आधी कुजतं आणि त्यातून बुरशी उपजते. हार्टिग यांनी सूक्ष्मदर्शकाखाली सिद्ध केलं की लाकडातले तंतू आणि बाहेरचं भूछत्र हे एकाच जिवाचे भाग आहेत आणि कूज त्याच जिवामुळे होते. आज झाडांच्या तपासणीत उपकरणांची नावं घेतली जातात, हार्टिग यांचं क्वचितच. हे मला फार खटकतं.

उपकरणं उपयोगी आहेतच. नायलॉनच्या हातोडीनं ठोकल्यावर बद्द आवाज आला की शंका घ्यावी. ध्वनी-टोमोग्राफ खोडातून ध्वनिलहरी पाठवून आतल्या कुजीचं रंगीत चित्र काढतो. पण ते चित्र जिथे संवेदकांचा पट्टा बांधला त्या उंचीवरच्या छेदाचं असतं, मुळांचं नव्हे. खोडाचं सुंदर चित्र पाहून अख्ख्या झाडाला अभय देणं किंवा त्याच्यावर कुऱ्हाड चालवणं, दोन्ही चूकच.

मुळांची खरी परीक्षा होते ती झाड ओढून. खुंटा रोवल्यावर आपण हलवून पाहतो, तेच तत्त्व. जर्मनीत लोथर वेसोली आणि गुंटर झिन यांनी त्याला नेमक्या मोजमापाची जोड दिली. खोडाला उंचावर दोर बांधून विंच यंत्रानं हळूहळू ताण देतात. दोरातलं बल मोजतात आणि बुंध्याशी लावलेलं उपकरण अंशाच्या शतांशापेक्षाही सूक्ष्म कल टिपतं. पाव अंशाच्या आतच थांबायचं, म्हणजे मुळांना इजा होत नाही. पूर्ण उन्मळेपर्यंत ओढलेल्या झाडांच्या नोंदींशी ताडून पाहिलं की वादळात हे झाड किती तग धरेल, याचा हिशेब मांडता येतो. जमिनीखाली दडलेल्या मुळांचा थांग केवळ एका दोरानं लागावा, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आणि हिशेब कमी भरला तरी झाड पाडायलाच हवं असं नाही. वारा शेंड्याला धरून मुळांवर तरफेसारखा जोर लावतो, म्हणून शेंडा थोडा उतरवला तरी मुळांवरचा भार बराच घटतो. म्हातारे ओक हे स्वतःहूनही करतात: वरच्या फांद्या वाळू देतात आणि खाली नवा, बुटका पर्णसंभार धरतात. वरची वाळकी फांदी दिसताच मरणाची खूण म्हणून नोंद करणाऱ्यानं आधी खाली फुटलेली पालवी पाहावी, मग बुंध्याभोवतीची भूछत्रं पाहावीत, आणि तरीही शंका उरली तर दोर मागवावा.